परत येणारीची कोठी

प्रभूच्या कृपेने आज मंगळवार, दिनांक १७ ऑक्टोबर २०१७ रोजी मी तियांबुन, जन्माने सितुंकीर कुळाची, लग्नाने मालाऊ कुळाची, दिवंगत जाउलुंग मालाऊ यांची विधवा, वय अडुसष्ट, धंदा उलोस, म्हणजे आमच्याकडे खांद्यावर घालायचे मानाचे वस्त्र, विणणे, राहणार लुंबान साओर, सामोसिर बेट, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही असे पांगुरुरानच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पण मृत्युपत्राला डोके लागते. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून गळ घातलेली नाही. अक्षर मोठे आहे ते डोळ्यांमुळे. लिहायला तीन दुपारी लागल्या, म्हणून शाई दोन रंगांची आहे. त्यावरून कोणी संशय घेऊ नये. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, कारण यापूर्वी माझ्याकडे देण्यासारखे काही आहे असे मला वाटत नव्हते.

कलम १. माझे दफन

माझ्या नवऱ्याशेजारी एक जागा मोकळी आहे हे मला माहीत आहे. जाउलुंगबद्दल माझी तक्रार नाही. चार वर्षांच्या संसारात तो मला एकदाही टाकून बोलला नाही. तरी मला माझ्या सासूच्या पायाशी पुरावे. आम्ही सासूला नाम्बोरू म्हणतो, आत्याला म्हणतो तेच. पुढे कधी कुळाच्या पक्क्या स्मारकात हाडे हलवायची ठरली, तर तिची आणि माझी बरोबर हलवावी.

जेवणाला एक डुक्कर पुरे. भाषणे थोडी असावीत. मी फार सद्गुणी होते असे कोणी भाषणात म्हणू नये. ऐकणारे अर्धे हसतील आणि उरलेल्यांना ठसका लागेल. पतपेढीच्या पुस्तकात जे आहे त्यातून हा खर्च करावा, आणि काही उरले तर ते कलम तीनमधल्या कोठीच्या छपराला लावावे.

कलम २. राहते घर

घर कुळाचे आहे. ते माझ्या दिराचा मुलगा पांडापोतान मालाऊ याला रिवाजाप्रमाणे जावे. मागच्या बाजूचे दोन पत्रे गळतात हे मी त्याला पाच वर्षे सांगत आहे. आता घर त्याचे, गळतीही त्याची.

कलम ३. अंगणातली कोठी

हे कलम लांब आहे. पांडापोतानला कोठीच्या जागी पाहुण्यांसाठी तळ्याकडे तोंड करून खोल्या बांधायच्या आहेत, आणि त्याचा विचार वाईट नाही. म्हणून कोठी मी त्याला का देत नाही हे नीट सांगितले पाहिजे. गावातल्या नव्या सुनांना माझी हकीकत ऐकीव ठाऊक आहे, तीही चुकीची. खरी ही आहे.

माझा नवरा कांद्याची होडी घेऊन तळ्याच्या पलीकडच्या किनाऱ्याला जाताना वादळात बुडाला. आमची मुलगी रोस्पिता तेव्हा दोन वर्षांची होती. सात महिन्यांनी मी बोटीवरच्या साउत नावाच्या मिस्त्रीबरोबर दुमाईला पळून गेले. त्याला सियांतारला बायको आणि मुले होती, आणि ते मला माहीत होते. मला कोणी फसवले नाही. तसे लिहिले तर माझे पाप हलके होईल, पण अशा कागदात खोटे लिहू नये. मी पंचवीस वर्षांची होते आणि मला विधवा म्हणून जगायचे नव्हते, इतकेच.

सकाळची वेळ होती. रोस्पिता अंगणात कोंबडीमागे पळत होती. मी नाम्बोरूला सांगितले, "बाजारला जाऊन येते."

ती कॉफीच्या बिया पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "येताना मीठ आण."

मी नऊ वर्षांनी आले.

दुमाईत दुसऱ्याच वर्षी साउत मला सोडून गेला. बंदराजवळच्या एका लापोत, म्हणजे ताडीच्या दुकानात, मी खलाशांना ताडी ओतून देत असे. ओतण्यापलीकडचीही कामे होती. तेवढे लिहिले ते पुरे आहे.

एकदा आमच्या बेटावरचा एक नावाडी तिथे आला. माझ्याकडे निरखून बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, तू तर मेलीस ना? म्हणजे मंडळीतून. तुझं नाव काढल्याचं वाचलं की उपासनेत. सिंतुआ बिन्सारनं वाचलं. काय आवाज लागला होता त्याचा." सिंतुआ म्हणजे आमच्या मंडळीतले, चर्चमधले, वडीलधारे सेवक. मी त्या नावाड्याला विचारले की माझी मुलगी कशी आहे. तो म्हणाला, "कोणाची मुलगी?" त्याने मुद्दाम विचारले नव्हते. त्याला खरेच आठवत नव्हते की मी कोणाची आई होते. आमच्याकडे पहिले मूल झाले की बाईचे स्वतःचे नाव मागे पडते. मी नाइ रोस्पिता होते, रोस्पिताची आई. ते नाव माझ्यामागे गावात राहिले आणि तिथेच वारले.

नवव्या वर्षी मला विषमज्वर झाला. दुकानवाल्याने मला मागच्या पडवीत टाकले. तिथे एक बायबलबाई यायची, नुरिया बोरू हुतासोइत, म्हणजे हुतासोइत कुळाची लेक. पन्नाशीची, जाड भिंगांची, हातात नेहमी एक डबा. पहिल्या दिवशी तिने डबा खाली ठेवला आणि माझे डोके बघितले.

"उवा झाल्यात. पुढं कर डोकं."

"हात लावू नका, इनांग. मी कोण आहे तुम्हाला ठाऊक नाही." इनांग आम्ही आईला म्हणतो, आणि आईसारख्या कोणत्याही बाईलाही.

"ठाऊक आहे. दुकानवाल्यानंच सांगितलं, न विचारता. पुढं कर."

तीन दुपारी ती माझे केस विंचरत बसली. प्रार्थनेला म्हणून आलेली बाई आणि तिने पहिले दोन दिवस प्रार्थनाच केली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटले की माझ्यासारखीवर एवढा वेळ घालवण्यात काही अर्थ नाही. तेव्हा तिने विचारले, "तू विणायचीस म्हणे. उलोसाची किंमत कोण ठरवतं, विणणारी की घेणारा?"

"आपण काहीही सांगावं. शेवटी घेणारा देईल तीच किंमत."

"मग तुला घेणाऱ्या प्रभूनं काय दिलं, ते लहानपणी रविवारच्या शाळेत शिकली असशील."

"त्यानं जीव सगळ्यांसाठी दिला, इनांग."

"सगळ्यांत तू नव्हतीस?"

मी म्हटले, "असले तर घेणाऱ्याची फसगत झाली."

ती हसली नाही. फणी पुसत म्हणाली, "फाटलेलं आहे हे बघूनच त्यानं घेतलं, बाई. उजेडात धरून बघितलं, मग घेतलं."

त्या दिवशी मला काही वाटले नाही. कोणी म्हणेल की प्रकाश पडला, तर तसे झाले नाही. ताप उतरल्यावर मी तिच्या मंडळीचे अंगण झाडायला लागले, कारण ताडीच्या दुकानात परत जावेसे वाटेना. झाडताझाडता एके दिवशी लक्षात आले की मी गुणगुणत आहे, आणि कोणी आले तरी थांबत नाही. पूर्वी कोणाची चाहूल लागली की मी आपोआप गप्प व्हायचे. त्या दिवशी केरसुणी हातात धरून मी खूप रडले. मला कोणी तरी विकत घेतले होते, आणि ज्याने घेतले तो मला पुन्हा विकणार नव्हता. एवढेच मला कळले. आजवर याहून जास्त कळलेले नाही, आणि जास्त लागलेही नाही.

मग नुरियाबाई म्हणाली, "आता घरी जा."

"घरी मला कोण घेणार?"

"घेतील की नाही ते त्यांचं. तू घेतलेली आहेस, म्हणून जाऊ शकतेस. नाहीतर कुठल्या तोंडानं गेली असतीस?"

मी आले तेव्हा नाम्बोरू अंगणात होती. फार म्हातारी झाली होती. मला बघून उठली नाही.

"मीठ आणलंस?"

"नाही, नाम्बोरू."

"मग आळणी जेव."

तिने खरोखरच भात आणि आळणी मासा माझ्यापुढे ठेवला. मी खाली बसले. ती म्हणाली, "शिव्या देणार आहे तुला. पण उपाशी माणसाला देत नाही. जेव आधी." मी जेवले. मग तिने शिव्या दिल्या, दिवेलागणीपर्यंत, आणि त्यातली एकही खोटी नव्हती. त्यांतच तिने सांगितले की तिसऱ्या वर्षापासून सातव्या वर्षापर्यंत रोस्पिता दर बाजाराच्या दिवशी धक्क्यावर जाऊन बसायची, शेवटची बोट रिकामी होईपर्यंत. ती सांगितलेली गोष्ट सर्व शिव्यांत जड होती. ती अजून उतरलेली नाही आणि मी ती उतरवायला कोणाला सांगितलेही नाही.

त्या दिवसापासून मी अंगणातल्या, खांबांवर उभ्या असलेल्या धान्याच्या कोठीत राहिले. खाली माग लावला, वर झोपले. रोस्पिता बारा वर्षांची होती. ती माझ्याशी बोलत नसे. सांगायचेच झाले तर आजीला सांगे, "त्या बाईंना म्हणावं, कोंबड्या कोंडल्यात."

मंडळीत परत घेण्याचा आमचा एक विधी आहे. सर्वांपुढे उभे राहून कबुली द्यायची, मग पाळक विचारतात की कोणाची हरकत आहे काय. हे विचारण्यापुरते विचारतात. मी कबुली दिली. नव्याने आलेले तरुण पाळक होते, त्यांनी विचारले. आणि मधल्या बाकावरून रोस्पिता उठली.

"माझी आहे."

सिंतुआ बिन्सार म्हणाले, "खाली बस, पोरी. तुझं दृढीकरण झालेलं नाही. तुला मत नाही."

"मत नाही देत. हरकत सांगते."

पाळकांनी विचारले, "काय हरकत आहे, बाळ?"

ती म्हणाली, "आजी म्हणते, देवानं हिला माफ केलं. केलं असेल. त्याला धक्क्यावर बसावं लागलं नव्हतं."

पाळकांनी हातातला कागद पुन्हा वाचून पाहिला. त्यांना काय करावे ते सुचेना, आणि तसे ते कोणालाच सुचले नसते. मी म्हटले, "पाळकसाहेब, तिची हरकत खरी आहे. नोंद करून घ्या. ती मागे घेईल तोवर मी मागच्या बाकावर बसेन."

मी मागच्या बाकापर्यंत चालत गेले. मंडळीने मला घेतले नव्हते, पण मी घेतलेली होते. बाकावर बसून मी पहिल्यांदा माझ्या मुलीकडे नीट पाहिले. हनुवटी जाउलुंगची, तशीच पुढे आलेली. मला तिचा अभिमान वाटला. ज्या बाईला स्वतःचे मोल ठाऊक नसते तिला दुसऱ्याच्या खऱ्या बोलण्याची भीती वाटते. दुमाईत मी अशा बोलण्याला घाबरून ताडीचा पेला पुढे करत असे. त्या दिवशी मला भीती वाटली नाही.

चार वर्षे मी मागच्या बाकावर बसले. प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट माझ्यापुढून जाई आणि मी ते पुढच्या हातात देई. लोकांना वाटे, ही शिक्षा भोगत आहे. मी शिक्षा भोगत नव्हते, वाट बघत होते. आधी रोस्पिताने बघितली होती, आता माझी पाळी होती.

तिच्या दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीची पूर्ण सभासद होण्याच्या, आदल्या दुपारी ती कोठीच्या शिडीपाशी येऊन उभी राहिली. सोळा वर्षांची. मी मागावर होते.

"उद्या मी हरकत मागे घेणार आहे."

मी धागा तसाच धरून ठेवला.

"माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत. मग का घेतेस?"

"उद्या मला पहिल्यांदा भाकर मिळणार. तुमची वाट अडवून मी ती खाऊ कशी? घशाखाली उतरणार नाही." आणि जाताजाता म्हणाली, "हा लाल फार भडक झालाय."

लाल भडकच झाला होता. मी तो सगळा उसवला.

दुसऱ्या दिवशी तिने सर्वांपुढे सांगितले आणि मी प्रभुभोजन घेतले. पुढच्या बाजाराच्या दिवशी लसूणवालीने मला हाक मारली, "नाइ रोस्पिता, लसूण बघ किती चांगला आहे." मला नको होता तरी मी घेतला.

शेवटची सात वर्षे नाम्बोरू अंथरुणाला खिळून होती. तिचे सगळे मी केले. रोस्पिता बालिगेला शिकायला गेली होती, सुटीत यायची. एका सुटीत आम्ही दोघी म्हातारीला कुशीवर वळवत होतो आणि रोस्पिता घाईत म्हणाली, "इनांग, उशी धर." मी उशी धरली. तिच्या लक्षातही आले नाही. नाम्बोरूच्या आले. तिने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितले आणि मिटला.

मरण्याच्या आधी तिने कुळाच्या पुरुषांना बोलावून घेतले आणि सांगितले, "पहिल्यांदा ही आली ती माझ्या मुलाची बायको म्हणून, तुमच्या रिवाजानं. दुसऱ्यांदा आली ती कुठल्याच रिवाजात बसत नाही. तिला मी घेतली. कोठी आणि तिच्याखालची जमीन तिची. कोणाला काही बोलायचं असेल तर मी जिवंत आहे तोवर बोला." कोणी बोलले नाही. त्या वेळी हजर असलेल्यांपैकी दोघे आजही आहेत, त्यांना विचारावे.

म्हणून ही कोठी मी डुमारिया बोरू सिमार्माता हिला राहण्यासाठी देते. सर्वांना ठाऊक आहे की डुमारिया दोन वर्षांपूर्वी मलेशियातून पोटात मूल घेऊन परत आली आणि तिच्या घराचे दार उघडले नाही. ती सिंतुआ बिन्सार यांची थोरली नात आहे. पहिल्या नातवंडाच्या नावावरून आजोबाला हाक मारतात, त्यामुळे सारे गाव त्यांना ओम्पू डुमारिया म्हणते. ज्या पोरीच्या नावाने त्यांना मान मिळतो त्या पोरीला त्यांच्या घरात जागा नव्हती.

पांडापोतान मला, म्हणजे त्याच्या थोरल्या काकूला, म्हणाला, "इनांगतुआ, ती मालाऊ नाही. कुळाची जागा कुळाबाहेर जाते."

मी म्हटले, "तुझ्या आजीला हे सांगायला हवं होतंस."

"आजी गेली तेव्हा मी लहान होतो."

"मग मला सांगू नकोस."

तो दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी येऊन कोठीचा एक खांब कुजला आहे, तो बदलून देतो म्हणाला. त्याचे मन आजीवर गेले आहे, फक्त त्याला ते माहीत नाही.

डुमारियाला हवे तोवर ती इथे राहील. लग्न करून जायचे असेल तर खुशाल जावे. कोणी तिला कोठीशी बांधून घालू नये. तिच्यानंतर जी कोणी परत येईल तिची ही कोठी. परत येणारीला आधी जेवायला घालावे. विचारपूस नंतर. शिव्या द्यायच्याच असतील तर त्या खऱ्या असाव्यात आणि एकाच दिवसात संपवाव्यात. तिच्याकडून पुन्हा पुन्हा कबुली घेऊ नये.

कलम ४. माझी मुलगी रोस्पिता

तिला घर आहे, नोकरी आहे, जावईबापू भले आहेत. तिला मी माझ्या पेटीतले मोठे उलोस देते. ते विणायला अकरा महिने लागले. विकायला मागणारे आले होते, मी दिले नाही. त्यातला लाल भडक नाही. तिला काही लिहावे म्हणून मी एक दुपार बसले होते, पण ज्या गोष्टीची भरपाई होत नाही तिच्याजवळ शब्द ठेवणे मला बरे वाटेना. उलोस ठेवते.

कलम ५. माग आणि सिंतुआ बिन्सार

माग, पाठीचा पट्टा आणि माझ्या आईची ताडाच्या लाकडाची ठोकपट्टी डुमारियाला. तिचा हात अजून सैल आहे, काठाला सूत ओढले जाते. पण चूक दिसली की ती उसवते, लपवत नाही. विणकर होण्याचे तेच लक्षण आहे.

सिंतुआ बिन्सार यांच्याशी माझे जुने वैर होते. मी ते चाळीस वर्षे नीट जपले, सणासुदीला बाहेर काढून पुसून ठेवावे तसे. डुमारिया माझ्याकडे आल्यावर महिन्याभराने एका दुपारी ते कोठीखाली येऊन बसले.

"पोरगी आहे का?"

"आहे. बाळाला घेऊन झोपलीय."

त्यांनी तळ्याकडे तोंड फिरवले. मग म्हणाले, "तुझं नाव वाचलं तेव्हा मी आवाज चढवला होता."

"मला काय ठाऊक. मी कुठं होते तिथं."

"मी होतो ना." आणि मग, "कागदावर 'निर्लज्जपणे' हा शब्द नव्हता. तो माझ्या पदरचा."

मी त्यांना कॉफी दिली. क्षमा दिली नाही. मला स्वतःला सगळे फुकट मिळाले होते, आणि या माणसाला द्यायची वेळ आली तेव्हा माझा हात आखडला, हेही इथे लिहिलेले असावे. पुढच्या पुनरुत्थानाच्या सणाला, उपासना सुटल्यावर, मी त्यांना गाठून सांगितले की माझ्या मनात आता काही नाही. ते म्हणाले, "हो, संध्याकाळपर्यंत पडेल पाऊस." त्यांना ऐकू कमी येते. तेव्हा त्यांनी ऐकले की नाही याची मला शंका आहे, म्हणून लेखी देते: सिंतुआ बिन्सार सिमार्माता यांना मी पूर्ण क्षमा केली आहे, त्या पदरच्या शब्दासकट. हे त्यांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे. ते दर शनिवारी मासे घेऊन येतात आणि पणतीला मांडीवर घेऊन बसतात. त्यांना कोठीखाली बसण्याचा हक्क राहील.

कलम ६. किरकोळ

रंगाचे मोठे पातेले शेजारच्या नाइ रुमिंतांगने १९९१ साली नेले. ते तिच्याकडेच राहावे. फक्त मला माहीत होते एवढे तिला कळावे.

चष्मा मंडळीच्या पेटीत टाकावा, कोणाच्या तरी डोळ्यांना लागेल. नुरियाबाईंनी दिलेले पवित्र शास्त्र कोठीतच फळीवर राहावे. त्याला पाण्याचा डाग आहे, वाचता येते.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी लिहिलेली

वरचे सगळे लिहून झाल्यावर मी गावप्रमुखांना आणि पाळकबाईंना बोलावले. रोस्पिता कालच्या बोटीने बालिगेहून आली होती. तिने सगळा कागद ओटीवर बसून वाचला. मी तिच्याकडे बघत नव्हते, लसूण सोलत होते.

गावप्रमुख म्हणाले, "ज्याला या कागदातून काही मिळायचंय त्यानं साक्षीची सही करू नये. पाळकबाई एक झाल्या. दुसरं कोण?" पांडापोतानला घर आहे, सिंतुआंच्या नातीला कोठी आहे. रुमिंतांगचे नाव निघाले, तिला पातेले आहे.

रोस्पिता म्हणाली, "मी करते."

"तुम्हाला कलम चार आहे, बाई."

"काढा ते."

मी म्हटले, "अगं, ते तुझ्यासाठी अकरा महिने विणलंय."

"ठाऊक आहे, इनांग. वर्षभर येताजाता मागावर बघत होते, कोणासाठी चाललंय विचारलं नाही इतकंच. दर वेळी उसवायचीस आणि परत घालायचीस." तिने कागद गुडघ्यावर सरळ केला. "पण यात लिहिलेलं खरं आहे असं सांगणारी दुसरी कोण आहे? धक्क्यावर मी बसले. हरकत मी घेतली. मागे मीच घेतली. आजीची उशीसुद्धा. मला वाटलं, ते तुझ्या लक्षात आलं नसेल."

पाळकबाई अंगणाकडे बघू लागल्या. गावप्रमुखांनी पेन पुसले, ते कोरडेच होते.

मी उठले, पेटी उघडली आणि उलोस बाहेर काढले. आमच्या रिवाजात उलोस जिवंत माणसाने जिवंत माणसाच्या खांद्यावर घालायचे असते. मी ते पेटीत ठेवून मरायला निघाले होते, एवढ्या वयात ही चूक करत होते. रोस्पिता उभी राहिली. ती माझ्याहून उंच आहे, तिला जरा वाकावे लागले. मी ते तिच्या दोन्ही खांद्यांवर घातले आणि दोन्ही हातांनी दाबून धरले. आशीर्वादाचे शब्द पाठ होते, पण मध्येच विसरले. रोस्पिताने पुढचे सांगितले आणि मी तिच्यामागून म्हटले.

सबब, कलम चार रद्द समजावे. त्यात लिहिलेली वस्तू आता माझी नाही.

वर लिहिलेले सर्व माझ्या मर्जीने लिहिले आहे, वाचून पाहिले आहे आणि मला मान्य आहे. जे द्यायचे ते दिले. जे मला मिळाले ते माझ्या कमाईचे नव्हते, म्हणून त्याची वाटणी केलेली नाही. ज्याला हवे त्याने ते जिथून मी घेतले तिथूनच घ्यावे.

स्थळ: लुंबान साओर, सामोसिर. दिनांक: १७ ऑक्टोबर २०१७.

लिहून देणार: तियांबुन बोरू सितुंकीर, नाइ रोस्पिता.

संमती: पांडापोतान मालाऊ. (खांब येत्या आठवड्यात बदलतो.)

माझ्यासमोर: ओलोआन मालाऊ, गावप्रमुख.

साक्षीदार पहिली: पाळक हेर्तिना बोरू नादेआक.

साक्षीदार दुसरी: रोस्पिता बोरू मालाऊ, शिक्षिका, राहणार बालिगे. साक्षीदाराने नाते लिहायचे नसते असे गावप्रमुखांनी सांगितले. तरी लिहिले आहे. मुलगी.